चोरीच्या किल्ल्यांनी कुलपांची परीक्षा

अमेरिकेत ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर’ नावाचे खाते आहे. नावावरून आपल्याला गृहखाते वाटेल, पण हे खाते राष्ट्रीय उद्याने, सरकारी जमिनी आणि मोठमोठी धरणे सांभाळते. या खात्यावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षक कार्यालयाने एक प्रयोग केला. खात्यातील ८५,९४४ चालू खात्यांचे, म्हणजे अकाउंट्सचे, सांकेतिक रूपातले पासवर्ड रीतसर मागून घेतले आणि ते फोडून पाहायला सुरुवात केली. त्यासाठी लागणारी यंत्रे १५ हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात उभी राहिली. पहिल्या दीड तासात १६ टक्के पासवर्ड उलगडले. काम संपले तेव्हा हा आकडा १८,१७४ वर, म्हणजे २१ टक्क्यांवर गेला होता. त्यात ३६२ वरिष्ठ अधिकारी होते आणि संगणक यंत्रणेवर विशेष अधिकार असलेली २८८ खाती होती.

जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालातली खरी धक्कादायक गोष्ट वेगळीच आहे. त्या खात्याचा पासवर्डचा नियम कडक होता. किमान १२ अक्षरे हवीत. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे यांपैकी तीन प्रकार हवेत. जवळजवळ सगळ्यांनी हा नियम पाळला होता. सर्वाधिक आढळलेला पासवर्ड होता ‘पासवर्ड-१२३४’, अर्थात इंग्रजीत, पहिले अक्षर मोठे, मध्ये आडवी रेघ आणि शेवटी चार अंक. नियमाच्या कसोटीवर तो पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होता, आणि ४७८ खात्यांना तोच होता.

तपासनिसांकडे काही जादू नव्हती. त्यांच्याकडे होती दीड अब्जाहून अधिक शब्दांची एक यादी. तिच्यात अनेक भाषांचे शब्दकोश होते, सरकारी कामकाजातले शब्द होते, कीबोर्डवर ओळीने येणारी अक्षरे होती. आणि होते पूर्वी कुठे ना कुठे चोरीला जाऊन जगभर पसरलेले लोकांचे खरे पासवर्ड. परीक्षेचा पेपर फुटावा तसे हे फुटलेले पासवर्ड. एकेकाळी चोरांनी पळवलेला हा माल आता कुलपे तपासणाऱ्यांच्या पेटीतले नेहमीचे हत्यार झाला आहे. तो वापरावा का, आणि वापरायचा तर कसा, हा प्रश्न आपल्या बँकेशी, रुग्णालयाशी आणि मोबाइलशी थेट जोडलेला आहे.

यादी आली कुठून?

या याद्यांमधली सर्वात प्रसिद्ध यादी २००९ सालची आहे. कॅलिफोर्नियातील ‘रॉकयू’ ही कंपनी फेसबुक आणि मायस्पेसवर वापरायची छोटी करमणुकीची अ‍ॅप्स बनवत असे. डिसेंबर २००९ मध्ये तिच्या संकेतस्थळातील एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या प्रकारच्या त्रुटीतून हल्लेखोर आत शिरला. आतमध्ये ३ कोटी २० लाखांहून अधिक लोकांचे पासवर्ड होते आणि ते उघड्या अक्षरांत साठवलेले होते. काही फोडायची गरजच पडली नाही.

इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीने पुढच्याच महिन्यात या यादीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘१२३४५६’ हा पासवर्ड २,९०,७३१ जणांनी ठेवला होता. त्याखालोखाल त्याचीच छोटी-मोठी भावंडे होती. मग खुद्द ‘पासवर्ड’ हा शब्द, मग सलग लिहिलेले ‘आय लव्ह यू’, मग ‘प्रिन्सेस’. सर्वाधिक वापरातले फक्त पाच हजार पासवर्ड घेतले, तरी त्यांत वीस टक्के लोक सापडत होते.

एकसारखे पासवर्ड एकदाच मोजले, तर या यादीत सुमारे १ कोटी ४३ लाख नोंदी उरतात. नावे आणि ई-मेल काढून टाकलेली ही फाइल आज ‘काली लिनक्स’ या सुरक्षा-चाचणीच्या संगणक प्रणालीबरोबरच मिळते. सायबर सुरक्षा शिकणारा विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच तिला भेटतो.

एवढ्या जुन्या यादीचा आज उपयोग काय, असे वाटेल. थोडे गणित करू. इंग्रजीच्या लहान लिपीतील आठ अक्षरांच्या सर्व जुळण्या केल्या तर त्या सुमारे २०,९०० कोटी होतात. त्या मानाने १ कोटी ४३ लाख म्हणजे काहीच नाही. साडेचौदा हजारांत एक. पण माणसे त्या २०,९०० कोटींमधून डोळे मिटून निवड करत नाहीत. ती मुलांच्या नावाकडे जातात, देवाकडे जातात, आवडत्या खेळाडूकडे, जन्मसालाकडे जातात. म्हणून छोटी यादी मोठ्या गणितावर मात करते. ‘मोठे अक्षर हवे’ म्हटले की बहुतेक जण पहिलेच अक्षर मोठे करतात. ‘अंक हवा’ म्हटले की तो शेवटी येतो. ‘चिन्ह हवे’ म्हटले की उद्गारचिन्ह येते. पासवर्ड फोडणाऱ्या सॉफ्टवेअरला या सवयी नियम म्हणून शिकवलेल्या असतात. यादीतला एकेक शब्द घेऊन ते असे शेकडो वेश चढवून पाहते.

गहू आणि पीठ

ही चाचणी नेमकी होते कशी? जबाबदार संस्था तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. तो एका गणिती जात्यातून दळला जातो आणि जे बाहेर येते, ज्याला ‘हॅश’ म्हणतात, तेवढेच साठवले जाते. पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसे हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. मात्र त्याच गव्हाचे पीठ दर वेळी अगदी तसेच निघते. त्यामुळे तपासनीस उलट्या दिशेने जातच नाही. तो यादीतला प्रत्येक शब्द त्याच जात्यातून दळतो आणि आलेले पीठ संस्थेच्या डब्यातल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले की पासवर्ड सापडला.

यावरचा उपाय १९७९ पासून ठाऊक आहे. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी त्या वर्षी पासवर्डच्या सुरक्षेवर एक निबंध लिहिला. दळण्याआधी प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी, यादृच्छिक भर घालायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे निघेल, ही युक्ती त्यात आहे. तिचे नावही स्वयंपाकघरातलेच आहे: ‘सॉल्ट’, मीठ! शिवाय जाते मुद्दाम मंद ठेवायचे. आपल्याला लॉग-इन करताना अर्धा सेकंद जास्त लागला तर कळतही नाही, पण दीड अब्ज शब्द दळणाऱ्याला तो अर्धा सेकंद फार महागात पडतो.

त्याच निबंधात त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात सापडणारे होते. पंधरा जणांनी केवळ एका अक्षराचा पासवर्ड ठेवला होता. तेव्हा फेसबुक नव्हते, मोबाइल नव्हता, आणि संगणक वापरणारे बहुतेक लोक तंत्रज्ञानातलेच होते. सवय मात्र आजचीच होती.

वडील आणि मुलगा

या गोष्टीला एक चमत्कारिक पुढचा अध्याय आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर, तेव्हा ते अगदी लहान होते, एक प्रोग्रॅम स्वतःच्या प्रती काढत पसरू लागला. हजारो संगणक ठप्प झाले. पसरण्यासाठी तो ज्या युक्त्या वापरत होता त्यात एक होती पासवर्ड ओळखण्याची. त्यासाठी त्याने स्वतःबरोबर ४३२ शब्दांची एक छोटी यादी बाळगली होती. हा प्रोग्रॅम लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ चा निबंध लिहिणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा! न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली.

शब्दांची यादी लावून पासवर्ड ओळखायचा, ही रीत वडिलांचीही होती आणि मुलाचीही. वडिलांनी ती रोग ओळखायला वापरली आणि निष्कर्ष सर्वांसाठी छापले. मुलाने ती दुसऱ्यांच्या संगणकांवर, न विचारता चालवली. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, हा बचाव कामी आला नाही.

आपला कायदाही याच खुंटीवर टांगलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या ‘परवानगीशिवाय’ संगणकात शिरणे हा मूळ दोष मानला आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याच्या वाय-फायवर यादी चालवून ‘फक्त बघत होतो’ म्हणणाऱ्या उत्साही तरुणांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

अधिकृत चाचणीची सुरुवात म्हणूनच संगणकावर होत नाही, कागदावर होते. कोणत्या यंत्रणा तपासायच्या, कोणत्या तारखांना, किती वाजता, अडचण आली तर कोणाला फोन करायचा आणि हाती आलेल्या पासवर्डांचे पुढे काय करायचे, हे आधी लिहून त्यावर सह्या होतात. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था अशी तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकांची यादी ठेवते.

या कागदाचे महत्त्व रुग्णालयाच्या उदाहरणावरून कळते. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खाते बंद होते, अशी सोय अनेक ठिकाणी असते. समजा, तपासनिसाने रात्री दोन वाजता लॉग-इनच्या खिडकीवर आपली यादी धडाधड चालवली. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचे खाते त्यामुळे बंद पडले आणि रुग्णाला कोणते औषध किती वाजता दिले, हे तिला पडद्यावर दिसेनासे झाले. चाचणीनेच रुग्णाला धोका निर्माण केला! म्हणून शहाणा तपासनीस शक्य तिथे हॅशची प्रत मागून घेतो आणि चालू यंत्रणेला हात न लावता, बंद खोलीत आपले काम करतो.

देहदान आणि चोरलेले देह

परवानगीचा प्रश्न इथे संपत नाही. संस्थेने तपासनिसाला परवानगी दिली, हे ठीक. पण यादीतल्या लोकांचे काय? त्यांना कोणी विचारले होते?

वैद्यकशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. ब्रिटनमध्ये १८३२ चा अ‍ॅनॅटमी अ‍ॅक्ट येण्यापूर्वी थडग्यांतून चोरलेले मृतदेह शवविच्छेदनासाठी विकले जात. त्या देहांवर शिकलेल्या डॉक्टरांनी पुढे अनेकांचे प्राण वाचवले असतील. तरीही तो मार्ग योग्य होता, असे आज कोणी म्हणणार नाही. आज आपल्याकडे माणूस हयातीतच देहदानाचा अर्ज भरतो, नातेवाइकांना सांगून ठेवतो. पासवर्डच्या यादीसाठी असा अर्ज कोणीही भरलेला नाही. रॉकयूच्या बाबतीत तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली, तेव्हा कंपनीने सुमारे १,७९,००० मुलांचे ई-मेल आणि पासवर्ड घेतले होते, असा आरोप होता. कंपनीने २०१२ मध्ये अडीच लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या यादीत मुलांचेही शब्द आहेत, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

मग यादी फेकून द्यावी? तसे करून उपयोग नाही, कारण चोरांकडची प्रत फेकली जाणार नाही. त्यांच्या किल्ल्या ज्यांना ठाऊकच नाहीत, अशांच्या हाती कुलपांची तपासणी राहील. उरतो तो मधला मार्ग: शब्द ठेवायचा, पण त्यावर चिकटलेले माणसाचे नाव सोलून काढायचे.

ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा सुरू केली. आपला ई-मेल कोणत्या गळतीत सापडला आहे, हे तिथे विनाशुल्क कळते. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी फुटलेल्या पासवर्डांचा वेगळा संग्रह खुला केला. तेव्हा त्यात ३० कोटी ६० लाख नोंदी होत्या, पण एकाही नोंदीबरोबर कोणाचे नाव किंवा ई-मेल नव्हता. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने तपासात हाती लागलेले पासवर्ड या संग्रहाला दिले. त्यातले साडेबावीस कोटी आधी संग्रहात नव्हते. चोरीचा माल पोलिसांमार्फत समाजाच्या कामी आला, तो असा.

आपला पासवर्ड या संग्रहात आहे का, हे विचारायचे तर तो त्यांना सांगावा लागणार, मग धोका आलाच की! यावर क्लाउडफ्लेअर कंपनीतील अभियंत्यांच्या मदतीने २०१८ मध्ये काढलेली तोड सुंदर आहे. मतदार यादीत आपले नाव आहे का हे पाहायचे, पण नाव कोणाला सांगायचे नाही, असे समजा. तुम्ही सांगता, ‘मला या भागाचे संपूर्ण पान द्या.’ पान घरी आणता आणि स्वतःच पाहता. इथेही तसेच होते. तुमचाच संगणक पासवर्डचा ४० अक्षरी हॅश काढतो आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरे पाठवतो. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो नोंदींचे पान परत येते आणि जुळणी तुमच्याकडेच होते. पासवर्ड तुमच्या संगणकाबाहेर पाऊलही टाकत नाही.

नाव चिकटलेले राहिले, तर

नाव सोलून काढणे किती गरजेचे आहे, हे २०२३ मध्ये दिसले. लाळेच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करून देणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ या अमेरिकी कंपनीच्या ग्राहकांची माहिती त्या वर्षी विक्रीला आली. हल्लेखोरांनी कंपनीचे कुलूप तोडले नव्हते. इतर संकेतस्थळांवरून फुटलेल्या ई-मेल आणि पासवर्डच्या जोड्या त्यांनी इथल्या दाराला लावून पाहिल्या. ज्यांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता, त्यांची दारे उघडली. अशी सुमारे १४,००० खाती होती.

पण या कंपनीत ‘जनुकीय नातेवाईक शोधा’ अशी सोय होती. त्या १४,००० खात्यांतून त्यांच्या दूरदूरच्या नातेवाइकांची माहिती दिसत होती, आणि अशा रीतीने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या बहुतेकांच्या पासवर्डमध्ये काहीच खोट नव्हती. चूक एखाद्या चुलत भावाने केली होती. पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. या घटनेनंतर कंपनीने लॉग-इनसाठी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

फुटलेले पासवर्ड वेळीच आडवता येतात, हा या प्रकरणाचा सर्वात बोचरा धडा आहे. नवा पासवर्ड ठेवतानाच तो फुटलेल्या यादीशी ताडून पाहिला आणि सापडला तर नाकारला, तर चोराची यादीच निकामी होते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये हेच सांगितले. चिन्हे आणि अंकांची सक्ती नको, दर दोन-तीन महिन्यांनी विनाकारण पासवर्ड बदलायला लावू नका. लांबी वाढवा आणि फुटलेल्या यादीत असलेला पासवर्ड स्वीकारू नका. चिन्हे-अंकांचा जुना सल्ला २००३ मध्ये त्याच संस्थेत लिहिणारे बिल बर त्या वेळी निवृत्त झाले होते. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

आपण काय करायचे?

पहिले काम ई-मेलच्या पासवर्डचे. बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात का?’ हे पत्र तिथेच येते, म्हणून तो इतर कुठेही वापरलेला नसावा. त्यानंतर बँक आणि आरोग्याच्या नोंदी असलेली अ‍ॅप्स. या सर्व ठिकाणी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करा. एवढ्याने फुटलेला पासवर्ड एकटा पुरेसा राहत नाही.

पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी चालतील. पण ते खरोखर असंबद्ध हवेत. आरतीची ओळ, अभंगाचे चरण, सिनेमातला संवाद नको. चांगला तपासनीस स्थानिक शब्द, देवांची नावे, खेळाडू आणि गाणी आपल्या यादीत घालतोच, चोरही घालतो. सगळे लक्षात राहणार नाहीत, तेव्हा पासवर्ड सांभाळणारे विश्वासू अ‍ॅप वापरा. घरातल्या ज्येष्ठांनी वहीत लिहून वही कपाटात ठेवली, तरी एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरे. दूर देशातला चोर कपाटापर्यंत पोहोचत नाही.

आणि कार्यालयात तपासणी झाली व तुमचा पासवर्ड सापडला, तर ओशाळून जाऊ नका. साहेबांनीही अशा नावांची यादी फळ्यावर लावू नये. अमेरिकेच्या त्या अहवालात सर्वाधिक वापरलेले पासवर्ड छापले होते, पण ते कोणाचे, हे छापले नव्हते. रक्ततपासणीत साखर वाढलेली दिसली तर आपण प्रयोगशाळेवर चिडत नाही, आहार बदलतो. पासवर्ड सापडला तर तो त्याच दिवशी बदलायचा, आणि तोच आणखी कुठे वापरला आहे हे आठवून तिथेही बदलायचा.